बर्मिंगहॅमचे कारखानी कालवे आणि एका दिवसाची नॅरोबोट: एक परीक्षण

बर्मिंगहॅम शहराच्या मध्याजवळच्या एका धक्क्यावर दिवसभरासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवर चालणारी अरुंद, लांबट बोट, भाड्याने मिळते. सकाळी नऊच्या सुमारास बोट ताब्यात घ्यायची, ती आपणच चालवायची आणि सायंकाळी पाचच्या आत त्याच धक्क्यावर आणून बांधायची, असा हा व्यवहार आहे. सोबत चालक दिला जात नाही आणि अशी भाड्याची बोट चालवण्यासाठी इंग्लंडमध्ये कोणताही परवाना लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरातल्या सहा जणांनी ही सेवा घेतली. त्यांत नाशिकहून आलेले माझे सासू-सासरे आणि शाळेत जाणारी दोन मुले होती. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात आईवडील येतात, त्यांना लंडन, लेक डिस्ट्रिक्ट आणि स्कॉटलंड दाखवून होते आणि मग पुढे कुठे न्यावे, असा प्रश्न पडतो. त्यांच्यासाठी, आणि पाणी, पूल, यंत्रे यांत रस असलेल्या कोणासाठीही, हे परीक्षण लिहीत आहे.

बोट देणारी मंडळी नवख्या गिऱ्हाइकाला एक ठरलेला सल्ला देतात. दक्षिणेकडे वूस्टर आणि बर्मिंगहॅम कालव्याने विद्यापीठावरून कॅडबरीच्या बॉर्नव्हिलकडे जावे, वाटेत एकही लॉक (बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारी-उतरवणारी, दोन्ही टोकांना दारे असलेली पाण्याची कुंडी) नाही, दोन्ही काठांना झाडी आहे, तिथून बोट वळवून परत यावे. हा सल्ला सोयीचा आहे, पण तो मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. याच भाड्यात, याच वेळात, वायव्येकडे स्मेथिकला जाऊन एक पूर्ण फेरा मारता येतो. जाताना तीन लॉक चढायचे, टेकडीच्या माथ्यावरून जुन्या कालव्याने जायचे, पलीकडे तीन लॉक उतरायचे आणि खालच्या नव्या कालव्याने घरी यायचे. अंतर सारे मिळून पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. झाडी इंग्लंडमध्ये कुठेही पाहता येते. पण एक अख्खे कारखान्यांचे शहर पाण्याच्या पातळ्यांवर कसे उभे राहिले, हे स्वतःच्या हातांनी दारे उघडून समजून घेण्याची संधी मात्र फार थोड्या ठिकाणी मिळते.

बोट सोपवतानाचे शिक्षण हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे. एका मध्यमवयीन गृहस्थांनी जवळजवळ पाऊण तास आमच्यासाठी दिला आणि एकदाही घाई केली नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचे तोंड उजवीकडे वळते, समोरून बोट आली की आपण उजवी बाजू धरायची, बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन मंद करायचे म्हणजे त्यांच्या मेखा उपटल्या जात नाहीत, या गोष्टी त्यांनी आधी सांगितल्या आणि मग आम्हा तिघा मोठ्यांकडून एकेक करून करवून घेतल्या. कालव्यावरची वेगमर्यादा ताशी चार मैल आहे, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. पहिल्या वळणापर्यंत ते स्वतः सोबत आले आणि तिथे काठावर उतरले. लॉकमधला एक धोका मात्र त्यांनी तीनदा बजावला. वरच्या दाराच्या आतल्या बाजूस, पाण्याखाली, बांधकामाचा एक कट्टा असतो. उतरताना बोटीचा मागचा भाग त्या कट्ट्यावर राहिला आणि पाणी खाली गेले, तर बोट पुढे कलंडून बुडू शकते. लॉकच्या काठावर पांढऱ्या रेघेने ती जागा दाखवलेली असते. तिच्या पुढेच राहायचे. हे सांगताना त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले, त्यामुळे बर्मिंगहॅमी उच्चार ज्यांच्या कानांना नवे होते त्यांनाही ते नीट समजले.

बोट स्वच्छ होती. लांबीला चाळीस फुटांच्या आतबाहेर, रुंदीला सात फुटांहून थोडी कमी. ही रुंदी इथल्या सगळ्याच नॅरोबोटींची, कारण इथले लॉक सात फुटांचे आहेत. आत दोन बाके, मध्ये टेबल, एक लहान गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचालय एवढी व्यवस्था होती. आम्ही घरून दशम्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि चहा बोटीत केला. खाण्यासाठी वाटेत थांबण्याचा विचार करू नये, कारण या फेऱ्यात काठावर हॉटेले जवळजवळ नाहीत आणि थांबायला फारसा वेळही उरत नाही.

शहर सोडले की कालवा एकदम रुंद आणि सरळ होतो. ही टॉमस टेलफर्ड या अभियंत्याची नवी मुख्य वाट. तिच्या आधीचा कालवा अभियंता जेम्स ब्रिंडलीचा होता. 1768 साली त्याला संसदेची मंजुरी मिळाली, पुढच्याच वर्षी वेन्सबरीच्या खाणींतला कोळसा बोटींनी बर्मिंगहॅममध्ये उतरू लागला आणि शहरातला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ब्रिंडलीने शक्य तिथे जमिनीच्या समोच्चरेषेला धरून, वळसे घेत कालवा नेला. खोदाई कमी लागली, पण वाट लांबली. पन्नास-पंचावन्न वर्षांनी टेलफर्डने हा कालवा पाहिला तेव्हा तो त्याला एखाद्या वाकड्यातिकड्या चरासारखा वाटला. त्याने मग आडव्या आलेल्या टेकड्या कापून, खोलगट जागी भराव घालून, दोन्ही काठांना घोड्यांसाठी वाट ठेवून नवा सरळ मार्ग आखला. 1820 आणि 1830 या दशकांत झालेल्या या कामामुळे बर्मिंगहॅम ते वुल्व्हरहॅम्प्टन हे अंतर सात मैलांनी घटले.

जुन्या कालव्याचे वळसे मात्र नाहीसे झाले नाहीत, आणि बोटीतून जाताना हीच गोष्ट फार स्पष्ट दिसते. सरळ वाटेच्या डाव्या-उजव्या अंगाला बिडाच्या कमानदार पुलांखालून पाण्याचे फाटे आत शिरतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा बाहेर येतात. उझल्स स्ट्रीट, इक्नील्ड पोर्ट आणि सोहो ही त्यांतल्या तिघांची नावे. या वळशांच्या काठी तोवर कारखाने बसले होते, त्यांना पाणी आणि बोट दोन्ही हवे होते, म्हणून ते बुजवले गेले नाहीत. कुठेकुठे विटांच्या भिंतीत बुजवलेली कमान दिसते. तिथून एके काळी बोट थेट कारखान्याच्या आवारात शिरत असे. मध्ये एका ठिकाणी कालव्याच्या ऐन मधोमध विटांनी बांधलेले लांबट बेट लागते. तिथे जकातीचा कारकून बसे. बोटीचा काठ पाण्याच्या किती वर आहे हे तो मोजपट्टीने पाही, त्या बोटीच्या नोंदलेल्या तक्त्याशी पडताळून मालाचे वजन ठरवी आणि त्यावर पट्टी आकारी. बेटाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एक बोट जाईल एवढीच जागा आहे आणि चालवणाऱ्याची पहिली परीक्षा तिथेच होते.

इथल्या बोटींविषयी एक समज दूर करायला हवा. रंगीत फुले काढलेल्या केबिनमध्ये राहणारे नावाड्याचे कुटुंब, हे नॅरोबोटीचे नेहमीचे चित्र लांब पल्ल्याच्या कालव्यांचे आहे. बर्मिंगहॅमच्या कालव्यांवर बहुतेक माल खाण ते कारखाना, कारखाना ते रेल्वेचा धक्का अशा थोड्या अंतरावर जाई. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बोटी उघड्या, बिनसजावटीच्या होत्या आणि त्यांवरची माणसे रात्री आपापल्या घरी जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रेल्वे येऊन अर्धे शतक होऊन गेल्यावरही, या कालव्यांवरून वर्षाला 85 लाख टनांच्या घरात माल जात होता. रेल्वेने कालव्यांना संपवले, हे सरसकट विधान निदान या शहरापुरते खरे नाही. इथे दोघांनी मालाची वाटणी करून घेतली. बर्मिंगहॅम-वुल्व्हरहॅम्प्टन रेल्वेमार्ग या कालव्याला चिकटून जातो आणि आजही आपल्या शेजारून दर काही मिनिटांनी गाडी धडधडत पुढे निघून जाते.

सोहोच्या परिसरातून जाताना मुंबई-महाराष्ट्राशी असलेले जुने धागे आठवतात. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने सोहोला वाफेच्या बळावर चालणारी टांकसाळ उभी केली होती आणि 1791 सालची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी तिथे पाडली गेली. बोल्टन आणि जेम्स वॅट यांनी वाफेची इंजिने बनवण्यासाठी 1796 साली कालव्यालगत सोहो फाउंड्री उघडली. ही जागा पुढे एव्हरी या वजनकाट्यांच्या कंपनीकडे गेली; आपल्याकडच्या मालधक्क्यांवर आणि गोदामांत हे नाव वाचलेल्या पिढीला ते ओळखीचे वाटेल. याच भागात नेटलफोल्ड कंपनीचा स्क्रू तयार करण्याचा प्रचंड कारखाना होता. 1902 साली गेस्ट, कीन आणि नेटलफोल्ड या कंपन्या एक झाल्या, आणि त्यांच्या भारतातल्या शाखेचा म्हणजे जी.के.डब्ल्यू.चा (गेस्ट, कीन, विल्यम्स) भांडुपचा कारखाना मुंबईकरांना आठवत असेल. हे सारे बोटीवर मिळणाऱ्या कागदांत कुठेही नाही. बर्मिंगहॅममध्ये एवढ्या मोठ्या संख्येने भारतीय वंशाचे लोक राहत असताना, आणि स्मेथिक तर पंजाबी वस्तीसाठी प्रसिद्ध असताना, बोट देणाऱ्यांनी दोन पानांची माहिती तयार करून ठेवायला काहीच हरकत नव्हती.

स्मेथिकच्या जंक्शनला जुना आणि नवा कालवा वेगळे होतात. नवा डावीकडे, खाली, खिंडीत शिरतो. जुना उजवीकडे लॉकने वर चढतो. जंक्शनवर टिप्टनच्या हॉर्सली लोखंड कारखान्यात ओतलेले बिडाचे पूल आहेत. आम्ही तिथे बोट बांधली आणि मुलांना पुलाच्या कडेचे लोखंड हात लावून पाहायला सांगितले. घोड्यांचे ओले, रेतीने माखलेले दोर वर्षानुवर्षे एकाच जागी घासून त्या लोखंडात खाचा पडल्या आहेत. त्यांत माझे बोट पेरभर आत गेले. खाचा आडव्या नाहीत, तिरक्या आहेत, आणि त्यांच्या दिशेवरून घोडा कोणत्या बाजूने ओढत होता हे कळते.

लॉकचे काम असे चालते. खालचे दार उघडे असताना बोट आत घ्यायची. जागा इतकी अरुंद की दोन्ही बाजूंना चार बोटांपेक्षा जास्त फट राहत नाही. मग खालची दारे लावायची. ती दारे ढकलण्यासाठी प्रत्येक दाराला लांब जाड लाकडी तुळई असते. तिला पाठ लावून, पायाशी विटांच्या उंचवट्यांचा आधार घेऊन रेटायचे. त्यानंतर विंडलास नावाचे काटकोनी लोखंडी हँडल वरच्या दाराजवळच्या दातेरी यंत्रावर बसवून फिरवायचे, की पाण्याखालची झडप उचलली जाते आणि वरचे पाणी आत येऊ लागते. झडप एकदम पूर्ण उचलायची नाही. अर्धी उचलून बोट स्थिर होऊ द्यायची, मग पुढचे. बोट डोळ्यांदेखत वर येते आणि दोन्हीकडचे पाणी एका पातळीला आले की जे दार आधी तसूभर हलत नव्हते ते एका माणसाच्या रेट्याने उघडते. अशा तीन लॉकनी बोट वीस फूट चढते, समुद्रसपाटीपासून 453 फुटांच्या पातळीवरून 473 फुटांच्या पातळीवर. माझ्या मोठ्या मुलीने दुसऱ्या लॉकपासून सगळी कामे स्वतः केली, आणि शाळेत शिकलेला पाण्याच्या दाबाचा धडा तिला त्या दाराशी खऱ्या अर्थाने समजला, असे मी खात्रीने म्हणू शकते.

माझ्या सासऱ्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, गोदावरीच्या कालव्यांवर गेली. ते पहिल्या लॉकपाशी बराच वेळ काही न बोलता उभे होते. मग म्हणाले, "अगं, आपला कालवा वाहता असतो, त्याला उतार द्यावा लागतो. हे पाणी तर उभं आहे. बोट चढो की उतरो, दर वेळी वरचं एवढं पाणी खाली जाणार. ते परत वर कसं नेतात?" हा प्रश्न म्हणजे या फेऱ्याचा गाभा आहे. एका लॉकमधून एका खेपेला लाखाहून अधिक लिटर पाणी खाली जाते, आणि माथ्यावर नदी नाही. ब्रिंडलीचा कालवा स्मेथिकला 491 फुटांपर्यंत चढत होता आणि तेवढ्या उंचीवर पाण्याची सतत टंचाई असे. त्यावर पहिला उपाय म्हणून 1779 साली बोल्टन आणि वॅट यांचे वाफेचे इंजिन बसवले गेले. ते खाली गेलेले पाणी पंपाने पुन्हा माथ्यावर टाकी. दुसरा उपाय जॉन स्मीटन या अभियंत्याने केला. त्याने माथाच अठरा फूट खाली खोदून प्रत्येक बाजूचे तीन-तीन लॉक कायमचे काढून टाकले. हे काम 1790 साली पुरे झाले. तिसरा टेलफर्डने, रॉटन पार्कचा मोठा तलाव आणि त्याचे पाणी आणणारा फाटा करून. ते 1779चे इंजिन 1891 पर्यंत काम करत होते आणि आज शहरातल्या थिंकटँक विज्ञान संग्रहालयात ठेवलेले आहे. चालू स्थितीत असलेले ते जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन मानले जाते. बाबांना आम्ही दुसऱ्या दिवशी ते दाखवायला नेले. ज्यांना शक्य असेल त्यांनी हाच क्रम ठेवावा, आधी लॉक आणि मग इंजिन, कारण इंजिन कशासाठी होते हे लॉक चढल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसऱ्या लॉकच्या वर डावीकडे तलावाचे पाणी आणणारा तो फाटा फुटतो आणि टेलफर्डच्या बिडाच्या जलसेतूवरून खालच्या नव्या कालव्याला ओलांडून जातो. सेतूच्या कमानी एखाद्या चर्चच्या खिडक्यांसारख्या टोकदार आहेत. पाणी वाहून नेणाऱ्या साध्या कामाच्या बांधकामावर एवढी कारागिरी खर्च करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो. पुढे 1892चे पंपघर लागते, मग एक छोटा काँक्रीटचा बोगदा, आणि मग जुन्या कोळशाच्या खाणीतला माल बोटींत ओतण्यासाठी काठावर बांधलेल्या घसरगुंडीचे अवशेष. या माथ्यावरच्या तुकड्यात आम्हाला दुसरी बोट भेटली नाही. पाणी स्वच्छ होते, तळातले शेवाळ दिसत होते आणि राखी बगळे बोट अगदी जवळ येईपर्यंत जागचे हलत नव्हते.

स्पॉन लेनला पोचल्यावर बोट वरच्या लॉकपाशी बांधावी आणि जुन्या कालव्याच्या काठाने चालत स्ट्युअर्ट जलसेतूपर्यंत जावे. या मार्गावरची सर्वांत विलक्षण जागा हीच आहे. खाली टेलफर्डचा नवा कालवा आणि त्याला लागून रेल्वे. त्यांच्या वरून जलसेतूवरचा ब्रिंडलीचा जुना कालवा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एम-5 महामार्ग. अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाने माल वाहण्यासाठी शोधलेली साधने एकावर एक रचलेली आहेत आणि चारही आजपर्यंत वापरात आहेत. पुढे ओल्डबरीकडे महामार्गाचे काँक्रीटचे खांब थेट कालव्याच्या पाण्यात उभे आहेत. वरच्या ट्रकांचा आवाज खाली एखाद्या सततच्या घुमण्यासारखा येतो. काहींना हा भाग भकास वाटेल. सासूबाईंना तो मुळीच आवडला नाही आणि त्यांनी तसे सांगितलेही. मला मात्र तिथून हलावेसे वाटत नव्हते.

स्पॉन लेनचे तीन लॉक ब्रिंडलीच्या पहिल्या बांधणीतले आहेत आणि इंग्लंडमधल्या आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या लॉकांत त्यांची गणना होते. ते उतरून नव्या कालव्यावर आलो की परतीची वाट सुरू होते. जवळच चान्स ब्रदर्सच्या काच कारखान्याच्या उरलेल्या विटांच्या इमारती उभ्या आहेत. 1851च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या काचा इथल्या, आणि जगभरच्या दीपगृहांची भिंगेही इथे घडली. 1981 साली कारखाना बंद झाला. इमारतींच्या फुटक्या खिडक्यांतून आता झुडपे वाढली आहेत. त्यानंतर टेलफर्डची खोल खिंड लागते. सत्तर फूट खोल, दोन्ही उतारांवर दाट झाडे, आणि ऐन मध्यावर, आकाशाच्या तुकड्याला जोडणारा गॉल्टन पूल. 1829 साली पुरा झालेला हा बिडाचा पूल दीडशे फुटांची एकच कमान घेऊन पलीकडे जातो. सकाळी आपण ज्या टेकडीवर लॉकने चढलो, तिच्याच पोटातून आता एकही लॉक न लागता चाललो आहोत, हे इथे लक्षात येते. स्मीटनने माथा खाली आणला आणि टेलफर्डने माथाच काढून टाकला, एवढ्या एका वाक्यात जे पुस्तकात लिहिता येते, त्याचा अर्थ अर्ध्या दिवसाच्या अंतराने दोन्ही वाटांनी गेल्यावर अंगात भिनतो. म्हणूनच हा फेरा उलटा, म्हणजे आधी खिंडीतून, करू नये असे मी सुचवीन.

आता सेवेतल्या उणिवा. बोटीत एकच विंडलास दिले होते. ते लोखंडाचे असते, ओल्या हातातून सहज निसटते आणि पाण्यात पडले तर लॉकचे काम तिथेच थांबते. मागितल्यावर दुसरे लगेच मिळाले, पण ते मागावे लागू नये. बर्मिंगहॅमच्या कालव्यांवर कोणी खोडसाळपणे पाणी सोडून देऊ नये म्हणून काही झडपांना वेगळे कुलूप असते. त्याची किल्ली बोटीत आहे ना, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. नकाशा म्हणून दिलेला कागद अनेकदा छायाप्रती काढून पुसट झालेला होता आणि त्यावर फक्त दक्षिणेचा मार्ग दाखवलेला होता. आम्ही स्मेथिकचा फेरा करणार असे सांगितल्यावर नाराजी नव्हती, उलट त्यांनी वेळेचे नीट गणित करून दिले, पण हा पर्याय त्यांनी आपणहून समोर ठेवला नाही. वयस्कर माणसांसाठी बोटीत उतरण्याची पायरी फार उंच आहे, आणि सुकाणूजवळ बसण्याची सोय नाही. मागच्या बाजूस एक घडीची खुर्ची ठेवली तरी मोठी सोय होईल. चालवणारा उघड्यावर उभा असतो, तेव्हा पावसाळी कोट उन्हाळ्यातही न्यावाच. मुलांसाठी जीवरक्षक जाकिटे मागितल्यावर योग्य मापाची मिळाली आणि ती घालण्याचा आग्रहही धरला गेला, हे नमूद करायला हवे.

परतीच्या वाटेवर शहराजवळ बोटीचा जोर एकदम कमी झाला. बोट पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकले होते. वस्तीतल्या कालव्यांवर हे होतेच आणि त्याची तयारी सकाळीच करून घेतलेली होती. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यायची, मागच्या फळीखालचे झाकण उघडायचे आणि हात घालून पंखा मोकळा करायचा. माझ्या नवऱ्याने कोपरापर्यंत हात बुडवून प्लास्टिकची पिशवी आणि त्याभोवती गुंडाळलेली निळी दोरी बाहेर काढली. झाकण पुन्हा घट्ट बसवल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, नाहीतर बोटीत पाणी शिरते, हे शिकवणाऱ्यांनी बजावलेले होते. बोटीत हातमोजे आणि लहान करवत दोन्ही होते, म्हणजे देणाऱ्यांना या पाण्याची पुरती ओळख आहे.

भाडे आठवड्याच्या मधल्या वारी दोनशे पौंडांच्या थोडे वर पडले, डिझेल आणि विमा धरून. शनिवार-रविवारी ते वाढते. बोटीत बारा जण बसू शकतात, तेव्हा दोन कुटुंबांनी मिळून घेतल्यास माणशी खर्च एखाद्या संग्रहालयाच्या तिकिटाएवढा येतो. तरीही सहा-आठ जणांपेक्षा जास्त नेऊ नयेत. लॉकवर कामाला तीन धडधाकट माणसे पुरतात आणि बाकीच्यांना आत दाटी होते. अनामत रक्कम बोट तपासून जागच्या जागी परत मिळाली.

सहा लॉक आणि एवढे अंतर आठ तासांत होते, पण आरामात होत नाही. जेवण बोट चालू असतानाच पाळीपाळीने करावे लागते आणि दुपारी एकपर्यंत स्पॉन लेनला पोचला नसाल, तर लॉक उतरण्याचा विचार सोडून आल्या वाटेने परतावे. जून-जुलैत दिवस मोठे असतात, पण बोट परत करण्याची वेळ तीच राहते. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कालव्यांची देखभाल करणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट दुरुस्तीसाठी काही लॉक बंद ठेवतो आणि कोरड्या उन्हाळ्यात पाणी कमी असले तरी निर्बंध येऊ शकतात. ट्रस्टच्या संकेतस्थळावर अशा बंदची यादी असते. स्मेथिक आणि स्पॉन लेन ही दोन्ही नावे त्या यादीत नाहीत, याची खात्री करूनच तारीख ठरवावी आणि पैसे भरावेत.